कासमचाचांचा अपुरा दाखला

तुमच्यापैकी किती जणांनी कण्हेरीचे पान कधी उन्हासमोर धरून पाहिले आहे? हात वर करू नका, उत्तर मला ठाऊक आहे. तरीही गेले पाच महिने बीडच्या बाजारात आणि तहसील कचेरीच्या ओट्यावर जो भेटतो तो मला छातीठोकपणे सांगतो, की तुमच्या विहिरीत कण्हेरच पडली होती. कण्हेर कशी ओळखतात, असे विचारले की हेच लोक पागोटे सारखे करतात आणि आभाळाकडे बघतात.

ज्याने ते पान खरोखर उन्हासमोर धरले, तो माणूस गेल्या मंगळवारी वारला. बीडच्या बाजारात जडीबुटी विकणारे कासम अत्तार, आमचे कासमचाचा. पुढचे सगळे बोलणे त्यांच्याशी आहे. तुम्ही ऐका. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

चाचा, तुम्हाला माती देऊन लोक परतले, तेव्हा आमच्या गावचे पाटील तुमच्या दुकानाच्या फळीपाशी उभे होते. जन्मात त्यांनी तुमच्याकडून ओव्याची पुडीसुद्धा नेली नसेल. चेहरा लांब करून ते जमलेल्यांना म्हणाले, "लई इमानी माणूस. महारांनी किती गळ घातली, पर शेवटपत्तुर लिहून दिलं न्हाई." लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी "व्हय, व्हय" केले. तुम्ही न लिहिलेल्या कागदाचा त्यांनी तुमच्याच दारात, तुमच्याच नावाने दाखला करून टाकला. तुमच्या थडग्यावरची माती अजून ओली होती.

मी समोरच, गटाराच्या कडेला उभा होतो. तिथे भांडण केले असते, तर मयताच्या दारात दंगा करणारा म्हणून आणखी एक कागद माझ्याविरुद्ध झाला असता. म्हणून आता लिहितो. रडायचे राहून गेले आहे, ते नंतर बघू.

तुम्हाला सगळे ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. कपिलधारेचे पाणी ज्या ओढ्याने खाली उतरते, त्याच्या काठी आमचे गाव आणि गावाबाहेर आमचा महारवाडा. गावच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. माझी आई आणि काशीआत्या रिकाम्या घागरी घेऊन काठापासून लांब बसतात. ज्या बाईला दया येईल, जिच्या मागे काम नसेल, तिने वरून ओतायचे. कधी घटकाभरात काम होते, कधी ऊन डोक्यावर येते. दोन उन्हाळे वाड्यातल्या साऱ्यांनी मिळून स्वतःची विहीर खणली. कार्तिकात तिला पाणी लागले.

नव्या विहिरीत जांभळाची फांदी दगड बांधून सोडायची, म्हणजे पाणी गोड राहते, ही आपल्याकडची रीत. जांभळाची झाडे झाडून सगळी पाटलांच्या बांधावर. आत्या मागायला गेली. पाटील म्हणाले, "आमच्या झाडाचं लाकूड तुमच्या पान्यात? लई शहाण्या झाल्या की गं तुमी!" शहाणी होतीच आत्या. ती तशीच ओढ्यात उतरली आणि पाणजांभळाच्या फांद्या घेऊन आली. हे जांभळाचे धाकटे भावंड. झाड नव्हे, झुडूप. ओढ्यातल्या धोंड्यांच्या फटींत वाढते. पाने लांब आणि अरुंद, दुरून पाहिली तर थेट कण्हेरीसारखी. आणि कण्हेरही त्याच ओढ्यात उगवते.

पाटलांच्या गड्याने दुरूनच पाहिले. दुसऱ्या दिवशी गावभर झाले, की महारांनी विहिरीत विष टाकले, खालचा झरा एकच आहे, आता गावचे पाणी नासणार. आमच्या विहिरीवर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या. पाठोपाठ तहसिलीतून हुकूम आला की चौकशी होईपर्यंत विहीर बंद.

त्याच दिवशी आत्याने सगळ्यांच्या देखत त्या विहिरीचे तांब्याभर पाणी घटाघट पिऊन दाखवले. पाटलांचे वैद्य शांतपणे म्हणाले, "हे विष सावकाश चढतं." त्याला पाच महिने झाले. काल संध्याकाळी आत्या दोन पायल्या ज्वारी दळून वर शेजारणीशी भांडत होती. फारच सावकाश चढणारे विष दिसते.

पंचनाम्याला कचेरीतला पेशकार, तहसिलदारापुढे कागद मांडणारा कारकून, आला. ओढ्यात उतरायचे तर जोडे काढावे लागतात. साहेबांनी जोडे काढले नाहीत. वर उताराजवळ आंब्याच्या सावलीत बसले, पाटलांकडचे ताक प्याले, आणि उतारावरच उगवलेल्या कण्हेरीची फांदी तोडवून कागदाला बांधली. त्या पंचनाम्याला जोडलेली फांदी कण्हेरीची आहे, यात तिळमात्र शंका नाही. ती आमच्या विहिरीतली नाही, एवढीच काय ती अडचण. मी तसे म्हणालो, तेव्हा मला उत्तर मिळाले की एखाद्या जाणत्या अत्ताराचा लेखी दाखला आण, मग बघू.

असा मी पौषात तुमच्या दुकानी आलो.

बाजारातले बाकीचे दुकानदार आम्हाला पुडी वरून टाकतात. ओंजळ धरायची, ते सोडणार. तुम्ही ओव्याची पुडी पुढे केलीत, तेव्हा मी सवयीने हात मागे घेतला. तुम्ही ती तशीच धरून बसलात. "घे बे. गरम न्हाई ती." मग आत्याने तोडलेल्या झुडपाचीच मी आणलेली डहाळी तुम्ही हातात घेतली, ओट्यावरून खाली उतरलात, एक पान तोडून उन्हासमोर धरलेत आणि माझी मान धरून त्याच्याखाली नेलीत.

"काय दिसतंय?"

"पान."

"शाबास. हे शिकायला छावणीच्या शाळेत गेलतास का? नीट बघ."

मी पुन्हा पाहिले. सुईने हजार वेळा टोचावे तसे पानभर बारीक उजेडाचे ठिपके होते.

"तेल हाय ते," तुम्ही म्हणालात. "लवंगेत हाय, जांभळात हाय, पेरूच्या पानात हाय. एकाच घरातली पोरं ही सारी. कण्हेरीचं पान धर उन्हाला. एक ठिपका दिसला तर ही दाढी उतरव माझी."

मग तुम्ही मला पानाच्या कडेने धावणारी शीर दाखवलीत, लुगड्याच्या काठाला शिवण मारावी तशी. पान चुरडून नाकाशी धरलेत. डहाळीवर दोन पाने समोरासमोर कशी बसतात ते दाखवलेत. कण्हेरीची तीन-तीन पाने एका ठिकाणाहून निघतात, हे जन्मभर कण्हेर पाहूनही मला ठाऊक नव्हते. घटकाभरात तुम्ही मला जेवढे शिकवलेत, तेवढे कचेरीतल्या साऱ्या खुर्च्यांना मिळून येत नाही.

मी म्हणालो, "झालं तर मग. द्या लिहून."

"फूल येऊ दे."

"कवा येतं?"

"फागुनाच्या अखेरीला. चैतात."

"चाचा, तीन महिने! माझी आई रोज उन्हात बसते."

"मला म्हाईत हाय. फूल येऊ दे."

इथे आपले भांडण सुरू झाले आणि ते अजून संपलेले नाही. तुम्ही मरण पावलात म्हणून मी ते सोडून देईन, असे समजू नका. तुम्ही म्हणत होता की नुसत्या पानावर लिहिलेला दाखला पाटलांचा वैद्य एका प्रश्नात उडवील, आणि एकदा उडालेला दाखला पुन्हा उभा राहत नाही. मी म्हणत होतो की तुम्हाला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत आहे, मग फुलाची परवानगी कशाला? तेव्हा तुम्ही तरुणपणची ती गोष्ट सांगितलीत. नुसते पान पाहून तुम्ही एका बाईला तिच्या मुलासाठी चुकीचा पाला दिला होता. मूल दोन दिवस डोळे उघडेना. जगले. "पर ती बाई अजून बाजारात येती," तुम्ही म्हणालात, "आन् माझ्या दुकानाम्होरून जाताना पदर डोळ्यावर वडती. त्या दिसापासून पुरं बघितल्याबिगर मी सही करीत न्हाई."

मला त्या वेळी त्या बाईची नव्हे, माझ्या आईची काळजी होती. आणि खरे सांगायचे तर मला तुमचा तिरस्कार वाटला. माझे वडील इंग्रजांच्या छावणीत चाकरीला होते. तिथून ते ट्रंक भरून पत्रके आणत. सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात छापलेली, घड्या पडलेली, हातोहात फिरलेली. त्यांच्यावर मी अक्षर ओळखायला शिकलो. त्या पत्रकांत माणसे दोनच प्रकारची असत, लढणारी आणि विकली गेलेली. फुलाची वाट पाहणारा माणूस त्यांत कुठेच नव्हता. तेव्हा तुम्हाला मी दुसऱ्या खणात टाकले.

घरी जाऊन मी पत्रक लिहिले. 'कासम अत्ताराच्या तराजूत काय आहे?' पाटलांच्या मिंधेपणाने तुमची लेखणी सुकली, असे त्यात होते. पाणजांभळाचे वर्णनही होते, तुम्हीच शिकवलेले. हाताने सहा प्रती केल्या, आणि पहिली नेमकी तुमच्या दुकानासमोरच्या भिंतीवर खळीने चिकटवली.

आठ दिवसांनी बाजारात आलो, तर तुम्ही हाक मारलीत. "या मुन्शीजी!" ते पत्रक तुमच्या मांडीवर होते. भिंतीला पाणी मारून, न फाडता, तुम्ही ते सोडवले होते आणि वाळवून ठेवले होते. मी भांडायच्या तयारीने छाती काढून उभा राहिलो. तुम्ही त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलेत.

"हितं तू लिवलंय, पानं आळीपाळीनं येत्यात. कावून लिवलं असं? समोरासमोर येत्यात. दाखवलं हुतं ना तुला?"

मी वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"मला शिव्या घाल, त्या बराबर लिवल्यात, अक्षर पन झकास हाय. पर पान चुकीचं लिवू नगंस. पाटलाचा वकील हेच धरंल, आन् तुझी हीर जाईल. बाकीच्या पाच प्रती कुठं चिटकवल्या? जा, दुरुस्त करून ये."

मी गेलो. पाच भिंतींवर, भर बाजारात, तुम्हाला विकला गेलेला माणूस म्हणणाऱ्या पाच कागदांवर मी पानांची जागा दुरुस्त केली. आणि चाचा, त्या शिव्या तशाच ठेवल्या. त्यावर एक काडी मारायला मला कितीसा वेळ लागला असता? त्यातली दोन पत्रके परवापर्यंत भिंतीवर होती, पावसाअभावी टिकलेली. परवा मी ती पाण्याने सोडवायला गेलो, तर फाटली. ते काम तुमच्याइतके सावकाश मला जमत नाही.

माघापासून तुम्ही ओढ्यावर येऊ लागलात. बीडपासून सहा कोस, तट्टावर बसून, सत्तरीच्या वयात. पहिल्यांदा नुसती पालवी होती. दुसऱ्यांदा कळ्या, मोहरीएवढ्या. दोन्ही वेळा तुम्ही वाड्यात निरोप पाठवलात आणि दोन्ही वेळा मी आलो नाही. मला काम होते. अव्वल तालुकदारांना, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना, अर्ज लिहायचा होता, ज्याचे उत्तर अजून आलेले नाही. काशीआत्या मात्र आली. तिसऱ्या वेळची, चैत्रातली हकीकत तिच्याच तोंडून ऐकली. तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरलात. पेशकाराच्या जोड्यांना जे जमले नाही, ते तुमच्या म्हाताऱ्या पायांनी केले. फुलाचा घोस भिंगाखाली धरलात आणि आत्याला म्हणालात, "बघ, पाकळी टोपीवानी गळून पडती आन् नुसतं पांढरं धागं ऱ्हातं. आता वैद्यानं पांढऱ्या कण्हेरीचं नाव काढू दे!" तुम्ही हसत होता म्हणे. भर दुपारचे ऊन होते. आत्याने सावलीला बसा म्हटले, तर तुम्ही म्हणालात, "बसतो की, फळ धरल्यावर."

परत जाऊन तुम्ही तापाने पडलात आणि चौथ्या दिवशी गेलात. मला कळले, तेव्हा तुमचे दुकान बंद होते.

दफनानंतर पाटलांचे नाटक आटोपले, गर्दी पांगली, तेव्हा तुमच्या मुलाने मला आत बोलावले आणि एक पुडी हातात दिली. हातात, वरून नव्हे. आत वाळलेला फुलांचा घोस होता आणि पुडीच्या कागदावर तुमचे उर्दू अक्षर. मला उर्दू येत नाही. त्याने वाचून दाखवले. पान पाहिले, तेलाचे ठिपके आहेत, समोरासमोर आहे, कडेला शीर आहे. साल पाहिली. फूल पाहिले, पांढरे, धाग्याधाग्यांचे, कण्हेरीचे नव्हे, जांभळाच्या जातीचे. आणि शेवटची ओळ, "फळ अजून पाहिले नाही." खाली सहीपुरती जागा सोडलेली. सही नाही.

मी तो कागद घेऊन कचेरीत गेलो. पेशकाराने तो उलटासुलटा केला आणि हसला. "सही नाही. फळाचा मजकूर नाही. देणारा मयत. हा दाखला म्हणायचा का?" मग त्याने तो आमच्या प्रकरणाच्या कागदांच्या बस्त्यात टाकला आणि ज्येष्ठातली तारीख दिली. त्या दिवशी पुरा दाखला नसेल तर विहीर बुजवण्याचा हुकूम निघेल, असे त्याने पान खात खात सांगितले.

चाचा, त्या क्षणी मी तुम्हाला मनात किती बोललो! ते फळ तुम्ही लहानपणापासून खाल्ले असेल. कुठल्या ओढ्याकाठच्या पोराने खाल्ले नाही? "फळ जांभळासारखे, लहान" एवढे तीन शब्द लिहून सही केली असती, तर कोण येणार होते पकडायला? आमची विहीर, माझ्या आईचा रोजचा दिवस, तुमच्या त्या एका न पाहिलेल्या फळावर अडकून बसला. तुमच्या इमानाचा मला राग येतो. आजही येतो.

पण घरी येताना त्या बस्त्याचा विचार सुटेना. त्यात पाटलांची तक्रार आहे. त्यांनी फांदी पाहिलेली नाही. वैद्याचे मत आहे. त्याने ओढा पाहिलेला नाही. पेशकाराचा पंचनामा आहे. त्याने आमची विहीर पाहिलेली नाही. आणि पाटलांनीच पुरावा म्हणून जोडलेले माझे पत्रकही आहे, ज्यात कासम अत्तार विकला गेला असे छातीठोक लिहिले आहे. ते मी कुठे पाहिले होते? त्या सबंध गठ्ठ्यात न पाहिलेल्या गोष्टीला 'पाहिले नाही' म्हणणारी ओळ एकच आहे. तिच्याशेजारी माझे अक्षर झकास दिसते, तुम्ही म्हणालात तसे, आणि मला ते पाहवत नाही.

हे तुम्हाला तोंडावर सांगायचे होते. तुम्ही "बरं, बरं, पान नीट लिव" म्हणून विषय टाळला असतात. तरी सांगायला हवे होते.

आता तुम्ही, वाचणारे.

ज्येष्ठ लागता पाणजांभळाला फळ पिकते. कपिलधारेला तुमच्यापैकी पुष्कळ जण दर्शनाला येतातच. या वेळी परतताना ओढ्याने खाली या. उतारावर पहिली दिसेल ती कण्हेर; तिला कोरडी शेंग येते, तिला तोंड लावू नका. जोडे काढून पाण्यात उतरा. धोंड्यांतल्या झुडपाचे पान उन्हासमोर धरा. ठिपके मोजू नका, दिसले की पुरे. मग फळ तोडा, फोडून पाहा, चाखा, जीभ जांभळी करून घ्या आणि तारखेच्या दिवशी ती जीभ घेऊन तहसील कचेरीत या. पेशकाराला काढून दाखवा. तुम्हाला एरवीही ती पुष्कळ चालवता येते. कासमचाचांच्या कागदाची, त्यांच्या मुलाने वाचून दाखवताना उतरवून घेतलेली नक्कल माझ्याजवळ आहे, फळाची ओळ तिच्यावर मोकळी ठेवली आहे. तिथे तुम्ही जे पाहिले ते लिहा आणि खाली सही करा. कण्हेर निघाली, तर तेच लिहा. मग ती विहीर मी माझ्या हाताने बुजवीन.

दौत आणि टाक घेऊन मी रोज सकाळी उताराच्या आंब्याखाली बसलेला असेन; कचेरीतली तारीखही तिथेच सांगेन. फक्त आधी ओढ्यात उतरून या. कोरड्या पायांच्या माणसाची सही मी घेणार नाही.